घरमालकाची सही

चर्चमधली उपासना संपली तरी कोणी चपला घालून निघालं नाही. दयारामने टेबलावर अर्ज पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर गीतांचं पुस्तक ठेवलं, आणि मंडळी एकेक करून सह्या करू लागली.

अर्ज त्यानेच लिहिला होता. एसटीच्या आगारात तीस वर्षं कारकुनी केलेला हात, अक्षर मोत्यासारखं. सेंट्रिंगच्या कामाला पश्चिम बंगालातल्या मालद्याहून पाच कुटुंबं पिंपळगाव राजात आली होती. ती बंगाली बोलतात, म्हणजे सीमेपलीकडचीच, अशी आवई कोणीतरी मोबाइलवर उठवली आणि दोन दिवसांत त्यांचं सामान रस्त्यावर आलं. चार कुटुंबांनी शेगावहून परतीची गाडी धरली. आसिम मात्र राहिला. त्याच्या बायकोला, नूरजहांला, आठवा महिना होता आणि डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं. आठवडाभर ती दोघं चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती.

‘या माणसांना न्याय मिळावा, ही आमच्या मंडळीची कळकळीची विनंती आहे,’ हे शेवटचं वाक्य पाळक प्रेम यांनी मोठ्याने वाचलं तेव्हा दयारामला बरं वाटलं. एक्केचाळीस सह्या झाल्या होत्या.

सोमवारी पाळकसाहेब, दयाराम आणि आसिम ठाण्यात गेले. ठाणेदारांनी तिघांना बसायला सांगितलं, अर्ज सावकाश वाचला आणि आसिमची कागदपत्रं त्याला परत दिली.

“कागद तपासले, बरोबर हायेत. हा मालद्याचाच आहे. माही काही हरकत नाही.”

“मंग साहेब, काम झालंच म्हणायचं,” दयाराम म्हणाला.

“राहणार कुठं? शेडमध्ये बाळंतपण करता का? कोणी खोली देत असंल तर भाडेकरूचा फॉर्म भरून द्या, घरमालकाच्या सहीचा. मंग कोणी त्याले काही म्हणलं, तर मी पाहून घेतो.” त्यांनी अर्जाची घडी घातली. “इथं एक्केचाळीस सह्या आहेत. मले एकच पायजे.”

पाळकसाहेब चर्चच्या क्वार्टरमध्ये राहत. त्यांनी दयारामकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. दयारामच्या घराची मागची खोली, मुलगा नाशिकला गेल्यापासून, बंदच होती.

“घरी इचारतो,” दयाराम म्हणाला आणि त्याने फॉर्म खिशात घातला.

घरी त्याची पत्नी अन्नपूर्णाबाई मेथी निवडत होत्या. त्याने सगळं सांगितलं, आणि मग जे कोणी विचारलं नव्हतं तेही सांगितलं. गल्लीतले लोक काय म्हणतील. दिवाळीत पोरगा आला तर झोपेल कुठं. उद्या काही झालं तर कागदावर नाव आपलं.

“आपलं नाही, माहं,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “घर माह्या बापानं माह्या नावावर केलं हाय.”

त्यांनी मेथीची जुडी संपवली, काड्या गोळा केल्या.

“पोरीले कितवा महिना हाय म्हणता?”

“आठवा.”

“आन् तुम्ही फॉर्म खिशात घेऊन आले.”

त्या उठल्या, हात धुतले आणि खुंटीवरचं चांगलं लुगडं काढलं.

दोघं आसिमला घेऊन ठाण्यात गेली. हवालदाराने फॉर्म पुढ्यात घेतला. आसिमचं नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा असं भरत तो खाली आला.

“बाई, मालकाची माहिती. पूर्ण नाव?”

त्यांनी सांगितलं.

“मूळ गाव?”

“ते मालूम नाही.”

हवालदाराने मान वर केली.

“माहा आजा इंग्रजांच्या काळात, संवत छपन्नाच्या दुष्काळात आला,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “पाच-सहा वर्षांचा असंल. रस्त्यावर सापडला, मिशनवाल्यानं उचलून आणला. त्याले आपलं नावही सांगता येत नव्हतं, गाव कुठून सांगंल? कोणत्या मुलखातला, कोणाचा, कोणालेच ठाऊक नाही.”

आसिम भिंतीशी उभा होता. त्याला किती कळलं कोण जाणे, पण तो त्यांच्याकडेच पाहत होता.

“मंग काय लिवू?” हवालदाराने विचारलं.

“पिंपळगाव राजा लिवा.”

त्याने लिहिलं. अन्नपूर्णाबाईंनी पेन घट्ट धरून, एकेक अक्षर जुळवत सही केली.

परतताना आसिम नूरजहांला सांगायला लगबगीने पुढे गेला. ऊन उतरलं होतं. दयाराम बायकोच्या बरोबरीने चालू लागला.

“आज्याचं मले कधी सांगतलं नाही तू. अडतीस वर्षं झाली लग्नाले.”

“तुम्ही कुठं इचारलं?”

त्या हसल्या आणि भांड्यांच्या दुकानाशी थांबल्या. न्हाणीत एकच बादली होती. आता दोन लागणार होत्या. दुकानदाराने लाल दाखवली, निळी दाखवली. अन्नपूर्णाबाईंनी दोन्ही उलट्या करून बुडं ठोकून पाहिली आणि तिसऱ्याच बादलीकडे बोट दाखवलं.

“तो लहान टबही काढ,” त्या म्हणाल्या. “लेकराले न्हाऊ घालाचं.”