मेंढरं पुढं गेली

पालमच्या शिवारात ग्यानबा धनगराएवढा चावट माणूस दुसरा न्हवता. आपल्याच दाराबाहेर उभं राहून जमादाराच्या आवाजात वरडायचा, "दरवाजा खोलो, सरकारी हुकूम है!" बायको कासाबाई मुसळ उगारून बाहेर यायची, त्याला बघून हासत हासत भितीलाच टेकायची. त्या हासण्यापायी तो मेंढरं भावावर टाकून दोन कोस चालत यायचा.

आता कासा माहेरी बाळंत होऊन दीड महिना झाला व्हता. पोरगी गुटगुटीत. पण कासा बाजंवर भितीकडं तोंड करून पडलेली. जेव म्हणलं की जेवायची, पाज म्हणलं की पाजायची, पोरीकडं बघायची न्हाई. बाहेरचं हाय, बायका म्हणाल्या. लिंबू उतरलं, अंगारा लावला. फरक शून्य.

ग्यानबा आला तो चेष्टा घेऊनच. पोरगी गुपचूप शेजारणीकडं दिली अन् धापा टाकत आत आला. "कासे, घात झाला! लेकरू लांडग्यानं नेलं!"

कासानं डोळं उघडलं. "सुटली बिचारी," म्हणाली, अन् परत मिटलं.

ग्यानबाचं हासू तोंडातच वाळलं.

सासू म्हाळसाबाई पोरीला परत घेऊन आली. "जावईबापू, मेंढी कोकराला जवळ घेईना, तर तिला लांडगा दावता व्हय?"

"न्हाई मामी. तिचंच दूध कोकराच्या पाठीला चोळतो. मंग दोघांला धरून बसतो."

"किती दीस?"

"लागतील तेवढे."

"मंग?"

सकाळी मेंढरं गोदाकाठाला निघायची व्हती. त्यानं भावाला सांगावा धाडला, तू ने. सासुरवाडीत ठाण मांडलेल्या जावयाला गाव सोडतंय व्हय! "काय ग्यानबा, लय गोड लागायली का सासूची भाकर?" पारावरून आवाज आला. एरवी त्यानं बोलणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आज तसाच आत गेला, पोरीला मांडीवर घेऊन बाजंपाशी बसला.

चौथ्या दिवशी दुपारी कासा भितीला बोलल्यावानी बोलली. "मेंढरं कुठं हायत?"

"गेली गोदाकाठी."

"अन् तुमी?"

जिभेवर चार चावट उत्तरं आली. गिळली. "मी हितंच हाय."

मंग ती जरा सरकली. जागा केली का नुसतं अंग हालवलं, ग्यानबाला कळंना. त्यानं तेवढ्या जागेत पोरगी हळूच ठिवली, तिच्यावर हात ठिऊन बसला. कासा अजून भितीकडंच बघायली व्हती.