गायिकेच्या चरित्रातलं एक पान

थोरल्या बहिणीने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून ती ऐसपैस बसली. ती खालच्याच मजल्यावर राहायची, पण जिना चढून कुलूपवाल्या भावाकडे यायची ती काहीतरी ठरवूनच.

"सुनेने वाचनालयातून आणलंय. तुझ्या बायकोच्या त्या गायिकेचं चरित्र. हाराच्या चोरीवर एक अख्खं प्रकरण आहे आत, अनुक्रमणिकेत दिसलं. पान दोनशे चौदा. वाच."

"तू वाचलंस?"

"नाही. माझ्यासमोर तूच वाच. नंतर ताईने पदरचं घातलं असं व्हायला नको."

कुलूपवाल्याने चष्मा पुसायला मुद्दाम वेळ लावला.

बायको जाऊन पाच महिने झाले होते. लग्नाच्या वर्षभर आधीपर्यंत ती त्या गायिकेकडे शिवणकामाला होती. एके दिवशी मोत्यांचा हार हरवला आणि दुसऱ्या दिवशी तिला निरोप आला, कामावर येऊ नकोस. पोलिसांत कुणी गेलं नाही, पण बोभाटा व्हायचा तो झाला. 'कुलूपवाल्याच्या घरात चोर,' असं बहीण लग्नात हसत हसत म्हणाली होती. पुढची चाळीस वर्षं ती ते न हसताही म्हणत आली.

बायकोने त्याला एकदाच सांगितलं होतं, मी घेतला नाही. तो म्हणाला होता, माहीत आहे मला. खरं तर माहीत नव्हतं. पुढेही त्याने कधी विषय काढला नाही. नीट चालणारं कुलूप कशाला उघडून बघायचं, असं त्याला वाटायचं.

आणि तिला तर चरित्रांचं वेड. शास्त्रज्ञ, नट, खेळाडू, कुणीही चालायचं. दुपारी शिलाई मशीन बंद करून वाचायची आणि जेवताना सांगायची, 'एवढा मोठा सेनापती, पण कुत्र्याला भ्यायचा बरं का.' लहानपणाची प्रकरणं तिला सगळ्यात आवडायची. मोठी झाली की ही माणसं नुसती सत्कार घेत फिरतात, म्हणायची. त्यांचा स्वयंपाकी, त्यांचा शिंपी असं कुणी पुस्तकात सापडलं की त्या दिवशी स्वारी खूश. मधूनच पान उघडलेलं तिला मुळीच खपायचं नाही. हे पुस्तक मात्र ती गेल्यावर निघालं.

त्याने पहिलं पान उघडलं.

"दोनशे चौदा म्हटलं मी."

"ती पहिल्यापासून वाचायची."

"ती वाचायची. तुला काय झालंय?"

तो मोठ्याने वाचू लागला. लहानपणी गायिका गाण्याच्या मास्तरांना घाबरून कोळशाच्या खोलीत लपायची. पण तिथेही गुणगुणायची राहायची नाही, म्हणून सापडायची. बहीण फसकन हसली. मग हसल्याचाच राग आल्यासारखी म्हणाली, "टाळतोयस तू."

"हो."

"का? तुलाही शंका आहे म्हणून?"

त्याने एकदम बरीच पानं उलटली. दोनशे चौदावर त्याचं बोट थांबलं.

"'हार गेला तेव्हा खोलीत एकटी कपडे शिवणारी मुलगी होती,'" त्याने वाचलं. बहीण पुढे सरकली. तो खोकला.

"पाणी पी," ती म्हणाली, पण आणायला उठली नाही.

"'बाई सांगतात, त्या मुलीचा विषय निघाला की मला आजही...'"

पान तिथेच संपत होतं. त्याला ते उलटवेना. बोटं तर कुलपाच्या बारीक स्प्रिंगांना सरावलेली, पण एक कागद सुटा होईना. शेवटी बहिणीनेच हात लांब करून पान उलटलं.

"'...लाज वाटते,'" तो वाचू लागला. "'तिला काढल्यावर दोन महिन्यांनी हार एका वाद्याच्या खोळीत सापडला. घाईत मीच तो तिथे ठेवला होता. तिला बोलावून सांगावं असं फार वाटायचं. पण आधी दौरा होता, मग उशीर झाला. आता तिचं नावही आठवत नाही.'"



"नाव आठवत नाही म्हणे," बहीण म्हणाली. "हार बरा आठवला."

"दोन महिने, ताई. म्हणजे आमच्या लग्नाच्या किती आधी सापडला होता तो."

"मला काय माहीत होतं?"

"मलाही नव्हतं. सुनेला काय काय सांगितलंयस तू?"

बहीण पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"घरी आहे ना ती? जा, हे वाचून दाखव."

"संध्याकाळी निवांत..."

"आत्ता जा."

तिने पुस्तक उचललं. दारात थांबून म्हणाली, "तूही चल की."

"नाही. ती चोर म्हणून तू सांगितलं होतंस, आता तूच वाच."

ती जिना उतरली. खालचं दार उघडल्याचा आवाज आला. सुनेला बसवून तिने वाचायला घेतलं, पहिल्याच ओळीला अडखळली आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागली. बहिणीला जाऊन सांगायला माणूस तरी होतं; त्याला जिला सांगायचं होतं, ती पाच महिन्यांपूर्वीच गेली होती. कुलूपवाल्याने खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ओढली आणि तो ऐकत बसला.