पाटाचं तोंड

वर कुठंच जाळ दिसत नव्हता, तरी इंदुताईच्या तळपायाला चटका बसला. ती झटकन मागं सरली. जमिनीच्या भेगेतून धुराची बारीक रेघ वर येत होती, देवापुढच्या उदबत्तीसारखी.

आग तिनंच लावली होती. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, ही पोंभुर्ण्याकडच्या जंगलातली जुनी रीत. तिनं पाला जाळला, हिरव्या डहाळीनं झोडपून विझवला आणि टोपली भरून घरी गेली. पण मोहाला लागून दलदल होती, यंदा पार सुकलेली. आग दलदलीच्या पोटात शिरली. गावानं घागरी ओतल्या. इथं विझली की तिथं धूर.

"अजून वेच फुलं!" शेजारच्या सरितानं रिकामी घागर आपटली. "सारं जंगलच वेचून घे आता!"

इंदुताईनं तीच घागर उचलली आणि पुन्हा पाण्याला निघाली.

अशातच पाणथळींचे नकाशे करणारी माणसं आली. काही गरीब देशांनी मिळून हे काम उचललं होतं. एकाची माणसं दुसऱ्याच्या रानात जायची, शिकायची, शिकवायची. बल्लारपूरचा नदीम आणि त्याच्यासोबत इंडोनेशियाची रतना. तिनं पोकळ सळई दलदलीत दाबली. पुरुषभर खोल गेली. वर काळा लगदा आला; त्यात जुनी पानं, काड्या अजून ओळखू येत होत्या.

"ताई, ये मिट्टी नहीं," नदीम म्हणाला. "पिढ्यान्‌पिढ्यांचा पाला आहे. पाण्यात होता म्हणून टिकला. पाणी हटलं की सरपण."

"मंग इझवाचं कसं?" लटारूभाऊंनी विचारलं. ते गावचे कीर्तनकार. हातातली घागरसुद्धा वीणेसारखी धरत.

रतना बोलली, नदीमनं मराठीत सांगितलं, "वरून ओतून भागत नाही. पाणी खालून चढलं पाहिजे. तो पाट बुजवा."

सगळे इंदुताईकडं पाहू लागले. तिच्या नवऱ्यानं, धनराजनं, एकट्यानं तो पाट खोदला होता. दलदलीचं पाणी नाल्यात काढून त्यानं कडेची बांधी, बांध घातलेला शेताचा तुकडा, धानाखाली आणली. तो गेला, आणि घर त्या एका बांधीवर चाललं. पाट बुजला की बांधी पाण्याखाली.

"आमच्याकडंही भातासाठीच पाट खोदले," रतना सांगत होती. "मग जमीन पेटली. कित्येक दिवस सूर्य दिसला नाही. माझा भाऊ अजूनही त्याचा पाट बुजवू देत नाही."

"इंदुबाई, बळजबरी नाई," लटारूभाऊ हळू म्हणाले. "तुही जमीन, तुहा इचार."

इंदुताई उठून घरी निघून गेली. लटारूभाऊ कीर्तनात नेहमी सांगत, देवाजवळ मागणं सोपं, त्याचं त्याले वापस देणं कठीण. त्यावर तिनं जन्मभर टाळ्या वाजवल्या होत्या. आज हात उचलेना.

लोकांना वाटलं, रुसली. पण ती परतली ती धनराजची सब्बल, पाट खोदायची पहार, घेऊन. पाट अडवायला तिनं त्याच्या तोंडाशी जमिनीत भोक पाडलं आणि बांबूचा पहिला खुंट स्वतः ठोकला. दर ठोक्याला तिचे ओठ हलत होते. नाव देवाचं होतं की धनराजचं, कोणी विचारलं नाही.

"काऊन पाहून राह्यले?" लटारूभाऊ गरजले. "मृदंग आना! आज कीर्तन इथीच!"

टाळ वाजू लागले. चिकणमातीच्या टोपल्या तालावर या हातातून त्या हातात जाऊ लागल्या. गजर चढला की हात चालत, ओसरला की दम घेत. रतनाही रांगेत होती, चिखलानं माखलेली.

मधेच मोह कडाडला आणि आडवा झाला. मुळं आतून जळून गेली होती. टाळ थांबले. लटारूभाऊंनी हात जोडले, आणि मग त्यांनीच पुन्हा नाव घेतलं.

"धान रोवण्याले माह्या बांधीत ये," टोपली देताना सरिता खालमानेनं म्हणाली. "जे पिकंल ते दोघींचं. अन् नाई म्हणशील तर टोपली डोक्यावर घालीन."

दलदलीतल्या झऱ्याचं पाणी पाटानं वाहून जायचं, ते आता अडून हळूहळू चढलं. धूर थांबला. इंदुताईची बांधी बुडाली. बांधाची तेवढी कड दिसत राहिली.

पुढं एकदा नदीमचा फोन आला. "रतना पूछ रही है, धूर येतो का?"

इंदुताई तेव्हा दलदलीतच उभी होती, चटका बसला होता तिथंच, पोटरीभर गार पाण्यात.

"धूर नाई," ती म्हणाली. "तिच्या भावाचा पाट बुजला का, इचार." तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "अन् त्याले सांग म्हणा, पयला खुंट लय जड जाते. मले मालूम आहे."