पुदिना न घातलेला पतातनिक

वेलिकाच्या घरात वरच्या मजल्यावर तीन खोल्या होत्या. नवरा किरो गेल्यापासून सहा वर्षं ती त्या भाड्यानं प्रवाशांना देत आली होती. बल्गेरियातल्या रोडोपीच्या डोंगरात गाव इतकं उंचावर, की येणारा माणूस भुकेनं कासावीस होऊनच दारात उभा राहायचा. वेलिकाला तेच आवडायचं. भुकेल्या माणसाला वाढण्यात जी मजा आहे ती पोट भरलेल्याला आग्रह करण्यात नाही, असं ती म्हणे.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी रालित्सा नावाची मुलगी पाठीवर पिशवी अडकवून आली. वय तिशीच्या आतबाहेर, जन्म कॅनडातला. बल्गेरियन घडाघडा बोलायची, पण जुन्या वळणाचं. हल्ली कुणी वापरत नाही असे शब्द तिच्या तोंडून ऐकून वेलिकाला हसू फुटलं.

"मावशी, दहा दिवस मी नुसती खात सुटलेय," रालित्सा म्हणाली. "आता इथलं जे जे असेल ते सगळं वाढा."

"सगळं? पोट आहे की पोतं?"

शेजारच्या म्हाताऱ्या स्पासला पाहुण्यांचा सुगावा कसा लागतो कुणास ठाऊक. आलुबुखाराच्या कडक दारूची, राकियाची, बाटली काखोटीला मारून तो हजर झाला. रालित्सानं पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला.

"अगं ए, औषध आहे का ते!" स्पास ओरडला. "आधी टोमॅटो खा, काकडी खा, पांढरं चीज खा. मग एक घोट. आणि माझ्या डोळ्यांत बघून म्हण, नाझद्रावे!"

"तुझ्या डोळ्यांत बघून तिची भूक मरेल," वेलिका म्हणाली आणि चुलीवरून पतातनिक उतरवून आणला. किसलेला बटाटा, कांदा, चीज. मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस झालेला. वर मातीच्या भांड्यातलं घट्ट दही.

रालित्सानं पहिला घास घेतला आणि थांबली.

"का गं? बिघडलाय?"

"छे, मस्त झालाय. पण यात काहीतरी हिरवं आहे."

"पुदिना. पुदिन्याशिवाय पतातनिक होतो का कधी?"

"बाबा नाही घालत. दर रविवारी करतात. म्हणतात, आमच्या डोंगरात असाच करतात."

"तुझ्या बाबाला काय कळतंय!" स्पास हसला. "कुठला तो?"

"खालच्याच गावचे. मनोल. लाकडाच्या गिरणीत कामाला होते."

स्पासचं हसू जागच्या जागी विरलं. त्यानं वेलिकाकडे पाहिलं, पेला खाली ठेवला आणि कोंबड्या कोंडायच्या आहेत म्हणून भर दुपारी उठून गेला. वेलिका रिकामं ताट घेऊन आत आली आणि ओट्याला धरून उभी राहिली.

लहानपणी तापात आजीनं मनोलला पुदिन्याचे काढे पाजले होते. तेव्हापासून त्या वासानंच त्याला मळमळायचं. म्हणून डेअरीतल्या कामाला जाताना वेलिका त्याच्यासाठी छोटा वेगळा पतातनिक करून गिरणीवर न्यायची. बाकी अख्ख्या डोंगरात तसा कुणी करत नव्हतं. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, त्याच्याशी लग्न ठरल्यातच जमा होतं. मग मनोल कामासाठी लिबियाला गेला आणि कम्युनिस्ट राजवटीला चुकवून तिकडूनच परस्पर कॅनडाला पसार झाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी तिनं नवा पतातनिक केला आणि रालित्सापुढे ठेवला. पोरीनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि काटा तसाच हातात धरून बसली.

"हाच तो, मावशी. अगदी हाच. तुम्हाला कसं जमलं?"

"त्याला हा मीच करून घालायचे," वेलिका म्हणाली. मग जे होतं ते तिनं सरळ सांगून टाकलं.

आपल्या आईवडिलांचं कधीचंच तुटलंय, एवढंच रालित्सा हळू आवाजात म्हणाली. मग तिनं फोन काढला. "तिकडे सकाळ झाली असेल. लावू?"

वेलिकानं नको म्हटलं. हात एप्रनला पुसले. "बरं, लाव."

रालित्सानं बापाला दोन शब्दांत सांगितलं आणि फोन वेलिकाच्या हातात दिला.

"वेलिका?" मनोलचा आवाज जड झाला होता, पण त्याचाच होता.

"हो, मीच. मुलगी गुणाची आहे तुझी. राकिया प्यायला तेवढं शिकवलं नाहीस."

तो हसला.

"तीन पत्रं लिहिली होती मी."

"मला एकच मिळालं. त्यासाठी दोन दिवस गुप्त पोलिसांनी मला चौकशीला खुर्चीवर बसवून ठेवलं. घरी आले आणि चुलीत घातलं."

"वाचलं होतंस?"

"पाठ होतं."

"मग उत्तर?"

"उत्तर दिलं असतं तर वडिलांची नोकरी गेली असती, मनोल."

"मला वाटलं, तुला राग आला."

"तोही आला होता."

तिला विचारायचं होतं ते तिनं शेवटी विचारलंच. "येशील एकदा?"

"दोनदा छाती उघडलीये माझी. डॉक्टर विमानात चढू देत नाहीत."

"मग राहा तिथंच," ती म्हणाली. ते किती रुक्ष वाजलं हे तिचं तिलाच कळलं. "म्हणजे, नीट खात जा."

रालित्सा एका दिवसासाठी आली होती, ती चार दिवस राहिली. दही लावायला शिकली, चीज खारवायला शिकली. निघताना वेलिकाच्या गळ्यात पडून हमसून रडली. बसमध्ये चढताना मात्र स्पासला चिडवायला विसरली नाही.

आता रविवारी दुपारी मनोलचा फोन येतो. कोण गेलं, कुणाचं घर पडलं, बर्फ किती पडलं, एवढंच दोघं बोलतात. एखाद्या रविवारी येत नाही. तेव्हा वेलिका अंगणाच्या कठड्याशी जाऊन खालच्या वाटेकडे बघत राहते.

"आज बस नाही गं," पलीकडून स्पास सांगतो.

"माहीत आहे," ती म्हणते आणि तिथंच उभी राहते.