देवाचं जेवण

कमिटीच्या शिपायाने निरोप सांगितला तेव्हा अक्का नैवेद्याचं ताट घासत होती. आजपासून नैवेद्याच्या वेळी पुजाऱ्याने देवाकडे तोंड करून बसावं; जमत नसेल तर दुसरा पुजारी पाहण्यात येईल.

"पाहण्यात येईल म्हणे!" शिपायाची पाठ वळताच अक्काने ताट पालथं आपटलं. "आणि तू काय म्हणालास?"

धाकटा भाऊ, म्हणजे पुजारीच, सोवळं वाळत घालत होता. "बरं म्हणालो."

"जन्मात तुला दुसरा शब्द आला नाही."

सगळं कॅमेऱ्यापासून सुरू झालं. गाभाऱ्याच्या दारावर, आतल्या बाजूला, नुकताच कॅमेरा लागला होता. अध्यक्षांच्या परदेशातल्या जावयाने दिलेला. तोवर दुपारी पडद्याआड काय चालतं ते कुणी पाहिलं नव्हतं. पुजारी पडदा ओढायचा, ताट ठेवायचा आणि देवाकडे पाठ करून पाटावर बसायचा. देवाचं आटोपलंसं वाटलं की घंटा वाजवायचा आणि बाहेरचे लोक प्रसादाला हात पुढे करायचे. आता मात्र घरबसल्या दर्शन घेणाऱ्यांना पुजाऱ्याचं तोंड दिसलं आणि त्यामागे देव. त्यातून परवा पुजाऱ्याने जांभई दिली. जावयाने सासऱ्याला फोन केला, सासऱ्याने कमिटी बोलावली.

पाठ करण्यामागचं कारण सभामंडपातल्या संगमरवरी पाटीवर नव्हतं. पाटीवर देवळाचा इतिहास म्हणून सोनेरी अक्षरांत एक राजा होता, त्याला पडलेलं स्वप्न होतं, हत्तीसुद्धा होता. अक्काच्या घरात चालत आलेली हकीकत हत्तीशिवायची होती. एका वाईट साली पहिल्या पुजाऱ्याकडे नैवेद्याला जेमतेम मूठभर भात उरला. तेवढं ताट पुढे सरकवताना त्याला देवाच्या तोंडाकडे बघवेना. त्याने पडदा ओढला, पाठ फिरवली आणि म्हणाला, "थोडंच आहे, पण सावकाश जेव." पुढे बरे दिवस आले, ताट भरलं. पाठ फिरवायची रीत तशीच राहिली.

अक्काने पदर खोचला आणि तडक कमिटीचं ऑफिस गाठलं. अध्यक्ष डबा उघडून बसले होते. ती टेबलासमोर उभी राहिली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. एक घास गेला. दुसरा हातातच राहिला.

"काय हो अक्का?"

"काही नाही. जेवा."

अध्यक्षांनी खुर्ची थोडी वळवली. अक्काही तेवढीच सरकली. शेवटी त्यांनी डब्यावर झाकण टेकवलं. "जरा बाहेर बसता का? पाच मिनिटांत उरकतो."

"तुम्हाला कुणी बघितलेलं चालत नाही, आणि त्याच्या ताटात सगळ्या जगाने डोकावायचं?"

"अहो, देव आणि मी एक का?" अध्यक्षांचे कान लाल झाले. "लोक म्हणतात, हा अपमान आहे."

"कोण लोक? जावई?"

"ठराव झालाय, अक्का. आता माझ्या हातात काही नाही."

"हात तुम्हीच वर केलेत ना ठरावाला?" एवढं बोलून ती निघाली. वाटेत तिला रडू येत होतं, पण रागाने ते येऊ दिलं नाही.

दुपारी पुजाऱ्याने ताट आत नेलं, पडदा ओढला. अक्का नेहमीप्रमाणे पडद्याबाहेर उभी राहिली. मंडपात माणसं जमली होती, अध्यक्षही पहिल्या रांगेत होते. घंटेची वेळ झाली, टळली. कुणीतरी खाकरलं. मुलं कुरकुरायला लागली.

अध्यक्ष पुढे झाले. "पुजारीबुवा, घंटा?"

आतून आवाज आला. "देव जेवला नाही अजून."

"म्हणजे?"

"तुम्ही सांगितलंत तसा तोंड करून बसलोय. बघतोय. ताट आहे तसंच आहे." आवाजात कसलाच टोमणा नव्हता, रडवेला मात्र होता. "पाठ असली की मला कळायचं हो. आता काही कळत नाही. खोटी घंटा कशी वाजवू?"

"अहो, ताट तर रोजच तसंच असतं!"

अध्यक्षांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं, कारण त्यांनी मागे वळून बघितलं. प्रसादासाठी पुढे आलेला एका म्हातारीचा हात हळूच पदरात गेला.

"झालं समाधान?" अक्का म्हणाली. "आमच्या घराण्यात आजवर हे कुणी तोंडातून काढलं नव्हतं. घरात भात नव्हता तेव्हासुद्धा नाही."

अध्यक्षांनी कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि पडदा सारून आत गेले. कॅमेरा कसा बंद करायचा ते त्यांना ठाऊक नव्हतं. म्हणून ते स्टुलावर चढले, खांद्यावरचं उपरणं काढलं आणि दोन्ही हातांनी कॅमेऱ्यावर धरलं. गाठ मारायला काही नव्हतं. हात काढला की उपरणं घसरत होतं. म्हणून ते तसेच धरून उभे राहिले.

घरबसल्या दर्शन घेणाऱ्यांना शेवटचं दिसलं ते अध्यक्षांचं मोठंच्या मोठं घामेजलेलं तोंड, आणि त्यांच्या पाठीमागे देव. मग अंधार.

"अध्यक्षसाहेब," आतून पुजाऱ्याचा आवाज आला, "मीही वळतो आता. तुम्ही हलू नका हं. जेवू दे त्याला सावकाश."