निम्मा अधिक निम्मा

"बाई, उत्तरसूचीत आहे त्यालाच गुण द्यायचे. आपण इथे पेपर तपासायला बसलोय, भौतिकशास्त्र शिकायला नाही."

मुख्य परीक्षकांनी हे सगळ्या हॉलसमोर ऐकवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं मी हाच विषय शिकवते आहे. पोरं पाठीमागे मला 'तिखटबाई' म्हणतात, आणि ते काही उगीच नाही.

"सर, उत्तरसूचीच चुकली आहे."

प्रश्न साधा होता. एक चाक रस्त्यावरून धावतंय. त्याचा आस प्रकाशाच्या निम्म्या वेगाने पुढे जातो, आणि आसावर बसून पाहिलं तर चाकाची कडाही तेवढ्याच वेगाने फिरते. मग रस्त्यावर उभ्या माणसाला चाकाच्या माथ्यावरच्या बिंदूचा वेग किती दिसेल? सूची म्हणत होती, निम्मा अधिक निम्मा, म्हणजे प्रकाशाइतका! कुणीतरी सायकलच्या चाकाचं जुनं गणित उचलून आकडे तेवढे बदलले होते. अहो, सायकलला चालतं ते इथे कसं चालेल? इथे सापेक्षतेच्या नियमाने त्या बेरजेला सव्वाने भागावं लागतं. उत्तर येतं प्रकाशाच्या वेगाच्या शून्य पूर्णांक आठ पट. कुठल्याच चाकाला प्रकाश गाठता येत नाही, एवढंही सूची छापणाऱ्याला ठाऊक नसावं याची मला चीड आली.

माझ्या हातातल्या पेपरात शून्य पूर्णांक आठ होतं, एकेक पायरी नीट मांडून. या प्रश्नाचे पाच गुण मिळाले नाहीत तर ते मूल दोन गुणांनी नापास होत होतं, म्हणूनच मी त्याच्या पायऱ्या वाचल्या होत्या.

"बाकी कुणाची तक्रार नाही," सर म्हणाले.

"बाकीच्यांनी वाचलंय कुठे? शेवटची ओळ बघायची आणि खूण ठोकायची!"

शेजारच्या परीक्षक बाई हळूच म्हणाल्या, "ताई, जाऊ द्या ना. कशाला वाईटपणा घेता?"

"तुम्ही किती तपासलेत?" सरांनी शांतपणे विचारलं.

"हा बासष्टावा."

"मग आधीच्या एकसष्टांना काय दिलंत?"

सकाळपासून मीही तेच करत होते. शेवटची ओळ, सूची, खूण.

मी खाली बसले आणि बांधून ठेवलेला गठ्ठा सोडला.

"बाई, एकदा दिलेले गुण बदललेत तर मला वर कळवावं लागेल. पुढच्या वर्षी परीक्षकांच्या यादीत तुमचं नाव नसेल."

"कळवा. आणि सूची कुणी केली तेही कळवा!"

प्रश्न वैकल्पिक होता, बहुतेकांनी सोडूनच दिला होता. 'प्रकाशाइतका' लिहिणाऱ्यांचे गुण मी राहू दिले. सूचीवरचा राग पोरांवर कशाला? पण तिघांनी शून्य पूर्णांक आठ लिहिलं होतं, आणि तिघांनाही मी भोपळा दिला होता. सरांवर ओरडायला तोंड होतं, आता स्वतःवर कोण ओरडणार?

दोघांचे गुण दुरुस्त केले. तिसऱ्याच्या समासात माझ्याच लाल अक्षरात शेरा होता : 'साधी बेरीज येत नाही.'

तो मी खोडला. खाली लिहिलं, 'चूक परीक्षकाची', पाच गुण दिले आणि पूर्ण सही केली.