पंख्यासकट

वखारीतली हवा दमट झाली, कांदा सडायची वेळ आली, की मालकाला मोबाइलवर कळवणारं यंत्र आम्रपाली बनवत होती. भोसरीतल्या त्या छोट्या कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचं काम तिच्याकडेच होतं. यंत्राने वीज अगदी नावापुरतीच खावी, यासाठी तिने जिवाचं रान केलं होतं.

चाकणचे कांद्याचे व्यापारी नानासाहेब यांना ते दाखवायला नेलं, तेव्हा ते ब्रेडबोर्डवरच होतं. भोकाभोकांच्या पांढऱ्या पट्टीत वायरी नुसत्या खोचलेल्या. वखारीत प्लग नव्हता.

“माझी पॉवर बँक आहे ना!” तिचे साहेब अजिंक्य ऐटीत म्हणाले.

जोडल्याबरोबर नानासाहेबांच्या मोबाइलवर आकडा उमटला. ते “वा!” म्हणेपर्यंत बंद. पॉवर बँकेचं बटण पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

“मेलं का काय?” नानासाहेबांनी विचारलं.

अजिंक्य घामाघूम होऊन वायरी दाबत बसले. आम्रपालीच्या मात्र लक्षात आलं. तिचं यंत्र इतकी कमी वीज घेत होतं, की आपल्याला काही जोडलेलंच नाही असं समजून पॉवर बँक झोपी जात होती.

हिंजवडीच्या ट्रॅफिकसाठी साहेबांनी गाडीत एक चिमुकला पंखा ठेवला होता. तो आणून तिने त्याच पॉवर बँकेला जोडला. पंखा गरगरला, पॉवर बँक जागी राहिली आणि आकडे सुरळीत येऊ लागले.

नानासाहेब पंख्यासमोर उभे राहिले. “ह्याला म्हणायचं मशिन! द्या सगळ्या वखारींना.”

“नानासाहेब, पंखा तात्पुरता आहे. तयार यंत्र साध्या सेलवर चालेल.”

“न्हाई ताई. पंख्यासकट पायजे.”

परतताना ती म्हणाली, “सर, त्या पंख्याचं काहीच काम नाही.”

“ऑर्डर कुणी आणली मग?”

शेवटी यंत्र सेलवर आणि शेजारी वेगळ्या बॅटरीवर पंखा, असा माल गेला. जाहिरातीत अजिंक्यनी छापलं, ‘सर्वांत कमी वीज खाणारं.’

पुढच्याच आठवड्यात नानासाहेबांचा फोन आला. “ताई, मशिन बंद पडलं.”

आम्रपालीने घाईघाईने आपल्या कॉम्प्युटरवर तपासलं. “आकडे तर येतायत, नानासाहेब!”

“येत्यात की. पण पंखा थांबलाय. त्या आकड्यांवर इस्वास कसा ठेवू?”

ती म्हणाली, “पंखा घरी नेऊन चार्जिंगला लावा. तोवर आकडे बघू नका.”

“व्हय,” नानासाहेब समाधानाने म्हणाले, “आता कसं बोललीस!”